रोज डायरी लिहूनही मन हलकं होत नाहीये, तर लिहिणं बंद करावं का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुम्हालाही बघता येईल. वय ३१, पुण्यात आयटीत नोकरी, गेले ५ महिने रोज रात्री अकरानंतर अंथरुणात बसून डायरी लिहिता. एका रीलमध्ये ऐकलं होतं की मनातलं कागदावर उतरवलं की मोकळं वाटतं, आणि पहिले काही आठवडे खरंच बरं वाटलंही. आता मात्र लिहून झालं की छाती जड होते, तास-दीड तास झोप लागत नाही, आणि मागची पानं चाळली की 'मी किती रडकी आहे' असं वाटून अजूनच खचायला होतं. शेवटी तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: डायरी बंद करू का, माझंच काही चुकतंय का, आणि ही भरलेली वही फाडून टाकू का.

मी नाशकात १८ वर्षं समुपदेशनाचं काम करतेय आणि माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना मी काही ना काही लिहायला सांगते, त्यामुळे हा प्रश्न मला नवीन नाही. 'मॅडम तुम्ही सांगितलं म्हणून लिहिलं, पण त्यानंतर दोन दिवस जेवण गेलं नाही' असं सांगणारी माणसं माझ्यासमोर बसलेली आहेत. म्हणून पहिल्यांदा हे सांगते की तुमच्यात काही खोट नाहीये, आणि तुम्ही आळशीपणाने किंवा वरवर लिहिताय असंही मला अजिबात वाटत नाही. उलट ५ महिने रोज लिहिणं ही सोपी गोष्ट नाही.

माझ्या मते तुमचा खरा प्रश्न 'लिहू की नको' हा नाहीच. खरा प्रश्न असा आहे की तुम्ही १५० दिवस एकच पान लिहिताय. तारीख बदलते, पान तेच राहतं. मराठीत आपल्याकडे याला फार नेमका शब्दप्रयोग आहे, तेच तेच दळण दळणं. मानसशास्त्रात याला रुमिनेशन म्हणतात आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ रवंथ. पण गाय रवंथ करते तेव्हा चारा पचतो, आपण मनात एखादी गोष्ट घोळवत बसतो तेव्हा ती पचत नाही, नुसती परत परत तोंडात येते आणि दर वेळी जरा जास्त कडू लागते. आणि वही समोर असली म्हणजे हे थांबतं असं नाही, वहीत पण रवंथ होतो, फक्त अक्षरं दिसतात म्हणून आपल्याला वाटतं की काहीतरी काम चाललंय.

हे मी माझ्या मनाने सांगत नाहीये. लिहिण्याने बरं वाटतं ही कल्पना ज्या कामामुळे जगभर पसरली ते अमेरिकेतल्या जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील या मानसशास्त्राच्या संशोधकांचं १९८६ सालचं. त्यांनी कॉलेजच्या मुलांना सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात क्लेशकारक अनुभवाबद्दल लिहायला लावलं. ज्यांनी घडलेली गोष्ट आणि त्याबद्दलच्या भावना असं दोन्ही लिहिलं त्यांना पुढच्या काही महिन्यांत कॉलेजच्या आरोग्य केंद्रात कमी वेळा जावं लागलं. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट रीलमध्ये कोणी सांगत नाही, की लिहून उठल्यावर लगेच त्या मुलांना आधीपेक्षा वाईट वाटत होतं आणि रक्तदाबही थोडा वाढलेला होता. म्हणजे लिहिल्यावर डोळे भरून येणं, थोडा वेळ जड वाटणं हे अपेक्षितच आहे. आणि मुख्य म्हणजे ते चार दिवस होते. ५ महिने रोज रात्री जखमेवरची खपली काढा असं त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं.

त्यानंतर या विषयावर ढिगाने अभ्यास झाले. २००६ मध्ये १४६ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा फायदा होतो हे दिसलं, पण सरासरी फायदा छोटा होता. छोटा म्हणजे बिनकामाचा नव्हे, पण 'डायरी लिहा, औषध-डॉक्टर काही नको' असं कोणी म्हणत असेल तर त्याला आधार नाही. आणि तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा मला वाटतो तो डेव्हिड स्बारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१३ चा अभ्यास, नुकतेच जोडीदारापासून वेगळे झालेल्या लोकांवरचा. त्यात काही जणांना मनातल्या खोल भावना लिहायला दिल्या आणि काहींना नुसतं दिवसभरात काय काय केलं ते कोरडेपणाने लिहायला दिलं. जी माणसं मुळातच फार विचार करणारी, 'असं का झालं, माझ्याच बाबतीत का' याचा अर्थ शोधत बसणारी होती, त्यांना भावना लिहून फायदा झाला नाही, उलट कोरडं लिहिणारी त्यांच्यातली माणसं जास्त लवकर सावरली. हे वाचलं तेव्हा मला माझ्याकडचे दहा-बारा चेहरे एकदम आठवले, ज्यांना मी 'मोकळेपणाने लिहा' म्हणून घरी पाठवलं होतं.

तर डायरी कोणाला मानवेल आणि कोणाला नाही हे परिस्थितीवर अवलंबून आहे, ते आधीच कबूल करते. एखाद्या गोष्टीबद्दल आजवर कोणाशीच बोलला नाहीत, पहिल्यांदाच शब्द सापडतायत, तर मोकळं लिहून खूप हलकं वाटू शकतं, तुम्हाला सुरुवातीला वाटलं ते बहुतेक यामुळेच. पण जी गोष्ट डोक्यात दिवसभर चालूच असते ती रात्री परत लिहिली तर तो दिवसाचा आणखी एक फेरा होतो. त्रास अजून चालू आहे की संपलाय याने फरक पडतो. घरात वही ठेवायला सुरक्षित जागा आहे का याने पडतो. आणि मनाचा आजार अंगात मुरलेला असेल, म्हणजे साधी उदासी नसून नैराश्य असेल, तर नुसती वही पुरी पडत नाही, त्याबद्दल खाली लिहितेच.

आता तुम्ही नमुना म्हणून ज्या चार ओळी दिल्यात त्या घेते. 'आज परत तेच. कॉलवर सगळ्यांसमोर अपमान. मी कायम अशीच गप्प बसते. सगळे पुढे गेले, मला कधीच जमणार नाही.'

या ओळी खऱ्या आहेत, त्यामागचं दुखणं खरं आहे, त्याबद्दल शंका नाही. पण बघा, यात किती वाजता झालं ते नाही, कोण काय म्हणालं ते नाही, तुम्ही काय उत्तर दिलंत ते नाही. यात हकिकत नाहीये, थेट निकाल आहे. आणि निकाल रोज तोच लागतो कारण साक्षीपुरावे कधी मांडलेच जात नाहीत. मी लोकांना एवढंच सांगते की हकिकत लिहा, निकाल नंतर बघू. त्याच प्रसंगावर असं लिहिता येईल, यातले तपशील माझ्या कल्पनेतले आहेत, तुमचे वेगळे असतील:

'दुपारी पावणेचारचा कॉल. आम्ही ७ जण. मी म्हटलं टेस्टिंगला २ दिवस जास्त लागतील. टीमचा लीड म्हणाला, एवढं तर बेसिक आहे, कालच व्हायला हवं होतं. मी ओके म्हटलं आणि म्यूट केलं. कान गरम झाले, पोटात गोळा आला. मनात आलं की सगळ्यांना वाटलं असणार हिला काही येत नाही. कॉल संपल्यावर शेजारच्या टीममधलीचा मेसेज आला, डेटा तर आपल्याला आज सकाळी मिळाला ना गं? मी तो वाचून बंद केला. उद्या १० वाजता लीडला मेल, डेटा कधी मिळाला ती तारीख टाकून.'

तो मेसेज बघा. पहिल्या नमुन्यात तो कुठेच नसता आला, कारण 'मी कायम गप्प बसते, मला जमणार नाही' या निकालाच्या फायलीत तो बसतच नाही. प्रत्यक्षात माझ्याकडे येणाऱ्यांच्या लिहिण्यात असे मेसेज नेहमी सापडतात, कधी कोणाचा फोन, कधी कोणी ठेवलेला चहाचा कप, कधी स्वतःच ठामपणे बोललेलं एखादं वाक्य, आणि ते त्यांनाच लिहिताना पहिल्यांदा दिसतं. मी ते शोधून देत नाही. तपशीलवार लिहिलं की ते आपोआप पानावर येऊन बसतं. आणि हो, कधी कधी काहीच चांगलं सापडत नाही, लीड खरंच वाईट वागलेला असतो आणि कोणीच बाजू घेतलेली नसते. तेव्हाही तारीख-वेळेसकट लिहिलेलं असलं तर पुढे तक्रार करायला किंवा नोकरी बदलायचा निर्णय घ्यायला ते कामी येतं, 'मला कधीच जमणार नाही' हे वाक्य कशालाच कामी येत नाही.

हे ज्यांना माहीत आहे त्यांच्या लक्षात आलं असेल की यात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती डोकावतेय, जी मराठीत आपल्यापर्यंत कि. मो. फडके यांच्यामुळे पोचली. घटना वेगळी, त्या घटनेबद्दल मी स्वतःला काय सांगितलं ते वेगळं, आणि त्यातून मला काय वाटलं, मी काय केलं ते वेगळं. आपण बोलताना या तिन्हीची खिचडी करतो, 'त्याने माझा अपमान केला म्हणून मी खचले'. कागदावर तीन वेगळ्या ओळी केल्या की मधली ओळ, मी स्वतःला काय सांगितलं ती, हातात येते आणि तिच्याशी वाद घालता येतो. मी नवशिक्यांना तीन रकाने वगैरे आखायला लावत नाही, शाळेचा गृहपाठ वाटतो आणि चौथ्या दिवशी सुटतो. नुसतं सलग लिहा, पण ही तीन उत्तरं त्यात असू देत, एवढंच.

तुमची वही रवंथ करतेय का काम करतेय हे तुम्हाला स्वतःला तपासता येईल. मागची १० पानं घ्या, पण फक्त एकदा, दिवसाउजेडी, चहा घेत, रात्री नको. लाल पेनाने 'कायम', 'नेहमी', 'कधीच', 'मीच', 'सगळे' या शब्दांखाली रेघ मारा. निळ्या पेनाने 'कारण', 'म्हणजे', 'लक्षात आलं', 'आधी वाटलं होतं पण', 'उद्या' याभोवती गोल करा. आशय वाचू नका, फक्त शब्द शोधा. लाल खूप आणि निळं जवळपास शून्य असं असेल तर तुमचं उत्तर मिळालं. पेनबेकर यांनीच पुढे लोकांच्या लिखाणातले शब्द मोजले होते तेव्हा दिसलं की ज्यांना फायदा झाला त्यांच्या लिहिण्यात पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत कारण सांगणारे आणि उमगल्याचे शब्द वाढत गेले होते. म्हणजे पहिल्या दिवशी नुसता आक्रोश असला तरी चालतं, पण गोष्ट पुढे सरकायला हवी.

हे मला माझ्या अंगावरून गेल्यावर जास्त कळलं. माझे वडील गेले त्यानंतर मी पण लिहायचे, आणि किती तरी दिवस प्रत्येक पान हॉस्पिटलच्या शेवटच्या रात्रीपासून सुरू व्हायचं. अडीच वाजले होते, मी बाहेर बाकावर होते, आत बोलावलं. तेच, परत तेच. माझ्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, त्या रात्रीच्या आधीचं लिही ना. मग मी लिहिलं की ते सायकलची चेन रविवारी रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचे आणि अंगणभर तो वास यायचा, आणि मला हवेचा पंप धरायला बोलवायचे. त्या दिवशी मी खूप रडले पण ते रडणं वेगळं होतं, त्यानंतर गाढ झोप लागली. ती रात्र अजूनही आठवते, पण आता ती एकटी नसते, तिच्या बाजूला सायकल असते. दुःखाबद्दल लिहिणाऱ्यांना मी हेच सांगते, एकाच क्षणाला चिकटून बसला असाल तर त्याच्या आधीचं किंवा नंतरचं लिहा.

आता वेळेबद्दल, कारण तुमच्या बाबतीत निम्मा त्रास मला वेळेचा वाटतो. रात्री अकराला, अंथरुणात, दिवसभराचं दमलेलं डोकं घेऊन आपण आपल्याबद्दल न्याय्य विचार करूच शकत नाही. जी गोष्ट सकाळी 'बघू काय ते' वाटते तीच रात्री डोंगराएवढी होते, हे घरोघरी सगळ्यांना माहीत आहे. शिवाय रोज अंथरुणात बसून रडलो की अंथरूण म्हणजे रडायची जागा असं शरीर शिकतं. म्हणून लिहिणं संध्याकाळी आणा, ऑफिसचं काम संपल्यावर आणि स्वयंपाकाच्या आधी असं कुठेतरी, खुर्चीत बसून, टेबलावर. मोबाईलवर १५ मिनिटांचा गजर लावा आणि वाजला की वाक्य अर्धं असलं तरी थांबा. वही बंद झाल्यावर लगेच हाताला काम हवं, भाजी चिरा, कपडे काढून घड्या घाला, खाली एक चक्कर मारून या. मी गजराबद्दल फार आग्रही आहे, कारण विचार करणाऱ्या माणसाला कुठे थांबायचं ते कळत नाही, ते गजराला कळतं. आणि रोज नको, आठवड्यातून तीन दिवस पुष्कळ झाले.

रात्री काहीतरी लिहायची सवय लागली आहे, हात शिवशिवतो, तर रात्री फक्त उद्याची यादी लिहा. गॅस बुक करणे, आईच्या गोळ्या, साडेदहाच्या कॉलआधी ती शीट उघडून बघणे, अशी बारीकसारीक. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात ५७ तरुण मुलामुलींवर एक प्रयोग झाला होता, २०१८ मध्ये छापून आला, त्यात झोपण्याआधी ५ मिनिटं पुढच्या दिवसांत करायच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेल्या कामांबद्दल लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे ९ मिनिटं लवकर झोप लागली, आणि यादी जेवढी नेमकी तेवढी झोप लवकर. प्रयोग छोटा आहे, पण माझ्याकडच्या लोकांना ही एक गोष्ट इतक्या वेळा उपयोगी पडलीये की मी ती पहिल्याच भेटीत सांगते. डोक्याला ते काम लक्षात ठेवायची राखण करावी लागत नाही, एवढं साधं आहे ते.

अजून एक गोष्ट करून बघा. प्रसंग फारच लागलेला असेल तर 'मी' सोडून स्वतःच्या नावाने लिहा. 'आज कॉलवर अमुक गप्प बसली कारण तिला वाटलं की...' असं, स्वतःचं नाव घालून. पहिल्यांदा विचित्र वाटेल. मिशिगन विद्यापीठात ईथन क्रॉस आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांनी यावर बरंच काम केलंय, स्वतःला नावाने संबोधलं की थोडं अंतर पडतं आणि त्या अंतरातून नीट दिसतं. आपल्याला तर हे घरातच शिकवलेलं असतं, ठेच लागली की आपण स्वतःलाच 'अगं बाई, जरा हळू' म्हणतोच की. त्या आवाजात लिहायचं. एखाद्या मैत्रिणीने हाच प्रसंग सांगितला असता तर तुम्ही तिला 'तू रडकी आहेस' म्हटलं असतं का? नसतं म्हटलं. तर मग वहीतही म्हणू नका.

'रोज तीन गोष्टींबद्दल आभार माना' वाल्या डायरीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण कोणीतरी सुचवेलच. चांगली गोष्ट आहे, पण आठवड्यातून एकदा लिहा, रोज लिहिलं की ते पाठांतर होतं. आणि जिथे खरंच अन्याय चालू आहे तिथे आभाराने स्वतःचं तोंड बंद करू नका. 'नवरा हात उगारतो पण निदान पगार घरी देतो' हे मी कोणाच्या तरी आभाराच्या वहीत वाचलेलं आहे.

त्यावरून वहीच्या सुरक्षिततेचं सांगते, आणि हे मनापासून सांगते कारण यात माझी चूक झालेली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका सुनेला मी मोकळेपणाने लिहायला सांगितलं, आणि घरात वही ठेवायला कुलपाची जागा आहे का हे विचारलंच नाही. वही घरच्यांच्या हाती लागली, सगळ्यांसमोर वाचली गेली, आणि त्या बाईंना पुढचे कित्येक महिने त्याची किंमत मोजावी लागली. तेव्हापासून मी लिहायला सांगायच्या आधी जागा विचारते. जागा नसेल तर लिहा आणि लगेच फाडून टाका, फाडलेलं लिखाणही लिखाणच असतं, उपयोग लिहिताना होतो. मोबाईलवर लिहीत असाल तर ते अकाउंट घरातल्या टॅबवर किंवा नवऱ्याच्या लॅपटॉपवर उघडं नाही ना ते बघा, आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर तर अजिबात लिहू नका.

आणि ज्यांना लिहिणंच जमत नाही त्यांच्यासाठी एक सांगायचं राहू नये. ओळख लागू नये म्हणून तपशील बदललेत, पण एक निवृत्त एसटी कंडक्टर माझ्याकडे यायचे, पत्नी गेल्यावर पार कोसळलेले. म्हणाले, मॅडम आपल्याला लिहायला येतं ते तिकिटाचं, मनाचं नाही. मग त्यांना मी सांगितलं की भिंतीवरच्या कालनिर्णयवर, दुधाचा हिशोब लिहितो त्या चौकोनात, दिवस कसा गेला त्याला १० पैकी मार्क लिहा आणि संध्याकाळी कुठे होतात त्याचं एक अक्षर. सहा आठवड्यांनी ते कालनिर्णयची पानं गुंडाळी करून घेऊन आले आणि माझ्या टेबलावर पसरली. 'भ' लिहिलेल्या दिवशी ५, ६, एकदा ७ सुद्धा. 'घ' च्या दिवशी २, ३, २. 'भ' म्हणजे भजनी मंडळ, 'घ' म्हणजे घर. मी एक शब्द बोलले नाही, त्यांनीच चौकोनांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, म्हणजे मला रोज जायला पाहिजे. माझ्या इतक्या वर्षांत मी पाहिलेली सगळ्यात चांगली डायरी तीच. तेव्हा तुम्हालाही काही दिवस वाक्यं नकोशी वाटली तर फक्त आकडा आणि झोपेचे तास लिहा, तेही पुरतं.

आता जे टाळून चालणार नाही ते. तुमच्या प्रश्नात झोप, छातीचं जडपण, खचल्यासारखं वाटणं आहे. यातलं बहुतेक दिवसभर, रोज, दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेलं असेल, भूक गेली असेल किंवा फार वाढली असेल, आधी आवडणाऱ्या गोष्टीत रस उरला नसेल, कामात चुका व्हायला लागल्या असतील, तर हा वहीचा प्रश्न राहिलेला नाही. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन पण बघून घ्या, कारण थकवा-उदासीच्या मागे कधी कधी तेही निघतं. आणि लिहिताना 'नकोच हे सगळं', 'मी नसले तर बरं' अशा ओळी येत असतील, एकदा जरी आली असेल, तर ती ओळ वहीत ठेवू नका, आजच कोणातरी जवळच्या माणसाला वाचून दाखवा, आणि १४४१६ ला फोन करा. ती केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. डॉक्टरकडे जाताना मात्र वही उपयोगी पडते, सगळी वाचायला द्यायची गरज नाही, झोप कधीपासून बिघडली, कुठल्या दिवशी जास्त त्रास झाला, पाळीच्या आधी वाढतं का, एवढ्या तारखा एका कागदावर काढून न्या. त्या दहा मिनिटांत आपल्याला तिथे काही आठवत नाही.

तर तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांना माझं उत्तर असं: आठ दिवस पूर्ण बंद करा, मग संध्याकाळी, १५ मिनिटं, आठवड्यातून तीनदा, हकिकतीने सुरू करा आणि शेवटची ओळ उद्याच्या एखाद्या छोट्या कामाची ठेवा. सहा-सात वेळा लिहून झालं की लाल-निळ्या पेनाची तपासणी परत एकदा करा. लिहिल्यावर अर्धा-पाऊण तास जड वाटून मग निवळत असेल तर चालू ठेवा. निवळत नसेल, रात्रीपर्यंत तेच डोक्यात राहत असेल, तर मी तुम्हाला लिहिण्याचा आग्रह करणार नाही, मग बोला, चाला, पोहायला जा, समोर माणूस असलेलं समुपदेशन घ्या.

राहिली ती भरलेली वही. आत्ता फाडू नका, पण ती उशाशीही ठेवू नका. ब्राऊन पेपरच्या मोठ्या पाकिटात घाला, सगळीकडून चिकटपट्टी लावा, वर आजची तारीख टाका आणि कपाटात हिवाळ्याच्या पांघरुणांखाली ठेवा, किंवा विश्वासाची मैत्रीण असेल तर तिच्याकडे न उघडता ठेवायला द्या. तीन महिन्यांनी पाकीट बाहेर काढा. तेव्हा फाडावीशी वाटली तर खुशाल फाडा, ती तुमची वही आहे. पण रागाच्या भरात, रात्री बारा वाजता, स्वतःला रडकी म्हणत फाडू नका, कारण त्या पानांवर जी मुलगी आहे ती ५ महिने रोज एकटीने तग धरून होती, आणि तिला तसं टाकून दिलेलं मला बघवणार नाही.